हवेची जावक

अकोल्याजवळच्या एका विमान प्रशिक्षण केंद्रात एकच विमान होतं आणि मे महिन्यात त्याचं इंजिन तापतं, ही बाब प्रशासनाच्या निदर्शनास आली. आणून दिली गीतांजलीनं. वैमानिकाच्या परवान्यासाठी तिची शेवटची चाचणी शनिवारी होती. ती हुकली, तर परीक्षक पुन्हा दिवाळीनंतरच येणार होते.

केंद्राचा मेकॅनिक देवमन पूर्वी जुन्या शहरात कूलर बनवायचा. इंजिनावरच्या झाकणाखाली, म्हणजे काउलिंगखाली, वाकून त्यानं निदान केलं. "समोरून हवा मस्त येते, पण खालून निघाले जागाच नाई. घरात कूलर लावला न् खिडक्या लावून घेतल्या, त गारवा येते का? खालचं तोंड चार बोटं रुंद करा, काठाले पत्र्याची पट्टी वाकवून लावा. अर्ध्या दिवसाचं काम हाय."

काम अर्ध्या दिवसाचं असल्यानं समिती नेमावी लागली. अध्यक्ष खुशालरावांनी मुद्दा नेमका पकडला. हवा आत घेण्याची रीतसर तरतूद आहे. परंतु आत आलेली हवा केंद्राची झाल्यावर ती कोणाच्या सहीनं बाहेर सोडायची? जावक वहीत हवेचा रकानाच नव्हता. आवक वाढवायला मात्र कोणाचीच हरकत नव्हती. सबब, समोरची तोंडं दुप्पट करण्यात आली.

"पण साहेब, ते हवा जाईन कुठून?" देवमननं विचारलं.

"तो विषय या समितीच्या कक्षेत येत नाही."

शनिवारी गीतांजली उडाली. बार्शीटाकळीवर इंजिनाच्या तापमानाचा काटा लाल पट्टीत शिरला, तेव्हा तिनं विमान एका पडीक वावरात अलगद उतरवलं. मोठी हिमतीची पोरगी! परीक्षकांनी तिला 'नियोजित स्थळी न उतरल्याबद्दल' नापास केलं.

चौकशीसाठी समिती पुन्हा बसली. कागद उडू नयेत म्हणून खिडक्या बंद, कूलर पूर्ण वेगात. सदस्यांचे सदरे पाठीला चिकटले होते. दुसरा कूलर घेण्याचा ठराव एकमतानं होत होता.

"काहून उकडून राहिलं, अजून नाई समजलं?" म्हणत देवमननं मागची खिडकी उघडली.

खोली गार झाली. खुशालरावांनी डोळे मिटून सुखाचा सुस्कारा सोडला आणि विनापरवाना हवा सोडल्याबद्दल देवमनला कामावरून काढलं.

देवमन आता पुन्हा कूलर दुरुस्त करतो. परवा तुमच्याकडेच आला होता. "मागची खिडकी उघडा," एवढंच म्हणाला. तुम्ही म्हणालात, "धूळ येते रे. त्यापेक्षा मोटर मोठी बसव."