भटूची गाडी दोंडाईचाला जाते

भटूची दुचाकी गाडी सिग्नलला बंद पडू लागली तेव्हा दहावीची परीक्षा बारा दिवसांवर आली होती. परीक्षा अर्थात भटूची नव्हे, त्याच्या मुलीची, वर्षाची. सेंटर सुरतेतच पर्वत पाटियाला आलं होतं आणि घरून, पांडेसराहून, तिला रोज आपण स्वतः गाडीवर सोडणार, असं भटूने गल्लीभर सांगून टाकलं होतं. गणित त्याला येत नव्हतं, विज्ञानाच्या पुस्तकातली चित्रं तेवढी तो बघायचा. मुलीच्या दहावीत बापाला करता येण्यासारखं हे एकच काम होतं आणि ते त्याने जिवाला लावून घेतलं होतं.

नाक्यावरच्या गुजराती मेकॅनिकने गाडी पाहिली आणि हात पुसले. "काका, एन्जिन खोलवुं पडशे."

"खोलशी तू!" म्हणत भटू गाडी ढकलत घरी घेऊन आला. पंधरा वर्षांत त्या गाडीच्या एन्जिनला फक्त सुपडूने हात लावला होता. सुपडू म्हणजे दोंडाईचाजवळच्या भटूच्या गावातला मेकॅनिक. दरवर्षी दिवाळीला भटू गाडीनेच गावी जायचा आणि तिची वर्षभराची सगळी दुखणी सुपडूकडून काढून आणायचा.

"सुरतमा काय मेकॅनिक मरी गयात का?" त्याची बायको कलाबाई म्हणाली.

"सुपडू नुसता हात लावस तरी गाडी चालू व्हस."

"मंग त्याले फोन तरी करी ले."

"फोन कसाले? तो दुकान सोडीसन कोठे जास?"

दुसऱ्या दिवशी भटूने तो कामाला होता त्या मिलमधल्या रिजेक्ट साड्यांचे तुकडे आणून गाडी नखशिखांत गुंडाळली आणि साड्यांची पार्सलं घेऊन खानदेशात जाणाऱ्या ट्रकमध्ये चढवून दिली. पोपटी आणि गुलाबी कापडात ती इतकी सजली होती की गल्लीतल्या बायका निरोप द्यायला बाहेर आल्या. गावी धाकटा भाऊ वाल्मिक तिला उतरवून घेणार होता.

तिसऱ्या दिवशी वाल्मिकचा फोन आला. "दादा, गाडी पोहचनी. पन सुपडूना दुकानले कुलूप शे."

"कोठे गया तो?"

"सुरतले. कामले. आठ दिन हुई गयात."

भटूने लगेच सुपडूला फोन लावला. सुपडू भटूच्याच मिलच्या मागच्या डाइंग मिलमध्ये कापड रंगवत होता.

"आरे, दुकान सोडीसन आठे सुरतमा काय करस?"

"तुम्हीच दिवाईले सांगं व्हतं ना दादा, गावमा काय शे, सुरतले ये म्हनीसन?"

ट्रकने गाडी परत मागवावी तर ती नादुरुस्तच येणार. म्हणजे गाडी मेकॅनिककडे पाठवून झाली, आता मेकॅनिकला गाडीकडे पाठवायचं उरलं होतं. भटूने सुपडूच्या सुपरवायझरच्या हातापाया पडून त्याला दोन दिवसांची सुट्टी मिळवून दिली आणि स्वतः स्टेशनवर जाऊन सकाळच्या रेल्वेत बसवलं.

"दुरुस्त कर आन ट्रकमा टाकी दे. पोरनी परीक्षा शे, सुपडू. तू बी पोरना बाप शेस."

"शे ना, दादा," सुपडू खिडकीतून म्हणाला आणि त्याचे डोळे भरून आले. आठच दिवसांत तो घराच्या आठवणीने अर्धा झाला होता.

संध्याकाळी गाडी चालू झाल्याचा फोन आला. भटूने कलाबाईकडे विजयी नजरेने पाहिलं. त्यानंतर मात्र सुपडूचा फोन लागेना. दोन दिवसांचे पाच दिवस झाले, ट्रक आला, त्यात गाडी नव्हती. वाल्मिक लग्नाला परगावी गेलेला.

पहिल्या पेपरला भटू वर्षाला घेऊन सिटी बसने निघाला. निघाला कसला, वर्षानेच त्याला नेलं. कुठली बस, कुठे उतरायचं, सगळं तिलाच ठाऊक होतं. गर्दीत तिने त्याचा दंड धरून ठेवला. "पप्पा, टेन्शन नही लेने का," गेटपाशी ती म्हणाली आणि आत गेली. भटूला वाईट वाटलं. एवढं एकच काम होतं आपल्याकडे, आणि तेही तिनेच केलं.

तो रस्त्याच्या कडेला उभा असतानाच फोन वाजला. सुपडू होता. मागे पोरापोरींचा गलका ऐकू येत होता.

"आरे कोठे शेस तू? गाडी कोठे शे?"

"दादा, रागवू नका. मी आते सुरतले येत नही. दुकान उघाडं परत."

"दुकान उघाड नाहीतर काहीबी कर! मन्ही गाडी?"

"आठेच शे, शाळाना गेटले. मन्ही दिपालीनी बी दहावी शे, दादा. सेंटर बारा किलोमीटर, आन एस्टी येयवर येत नही. पेपर सरनात का लगेच धाडी देस."

भटूने तोंड उघडलं. शिव्या जिभेवर तयार होत्या, एकीपेक्षा एक चांगल्या. समोर वर्षाच्या सेंटरचं गेट बंद होत होतं आणि एक उशिरा आलेला बाप मुलीला मागून ढकलत पळत होता. भटू त्या दोघांकडे बघत राहिला.

"सुपडू," शेवटी तो म्हणाला, "सकायले गाडी थंडी ऱ्हास. दहा मिनिट आधी चोक ओढीसन चालू कर, नाहीतर पोरले उशीर हुई."