म्हातारीचे निशाण आणि अठरा ओव्या यांची हकीकत

चार ठोके. दगडी भिंतीवर हातभर पिवळा रंग, घासून लागलेला. फुटलेली लाखेची मोहोर. मेथीची जुडी. झोपलेले मूल. अकरा कोस. ओवी एकोणिसावी.

श्री. जी माता भूमीच्या पोटी बसली आहे आणि वर चालणारांची व खाली धावणारांची पावले मोजते, तिने हा मजकूर लिहिणाराचा हात स्थिर ठेवावा. शके अठराशे बत्तीस, साधारण नाम संवत्सर, वैशाख शुद्ध सप्तमीस प्रहर दिवस चढता भुयारात जे जाहाले ते येणेप्रमाणे.

या राज्यात जमिनीखाली भुयारे होती आणि भुयारांत विजेच्या गाड्या चालत, आणि खाली चालते घड्याळ म्हणून नव्हते. थोरले महाराज स्वर्गवासी जाहाले ते दिवशी सुतकात भुयारांतील सर्व घड्याळे थांबविली, आणि ती पुन्हा चालविण्याचा हुकूम कोणी द्यावा हे ठरले नाही, मग घड्याळे भिंतींवर तशीच राहिली आणि लोक ओव्यांनी वेळ मोजू लागले. दर गाडीच्या शेपटीस एक मोजणीदार बसे, तो ओव्या म्हणे, आणि प्रत्येक ओवीचा आकडा पितळी नळीतून पुढे गाडीहाक्यास सांगे, आणि दर ठाण्यात एक मोजणीदार असे, तोही घंटेच्या तारेचा इशारा मिळताच म्हणू लागे. सर्वांची चाल एक, दम एक, असे समजले जाई. वीस वर्षांत फरक पडला नाही, आणि मग पडणार नाही असे सर्वांनी धरले.

गाड्या दोन जातीच्या होत्या. नव्या गाड्यांचा उठाव मोठा, कळ दाबताच माणूस मागे बाकाला चिकटे, आणि तीन ओव्या होतात तोच त्या नऊ कोस घटकेच्या धावेस लागत. जुन्या गाड्या सहा होत्या, पत्रा जाड, अंग जड, उठाव असा की ठाण्याचा कठडा सरता सरत नसे, आणि त्यांची धाव सात कोसांवर बांधलेली होती. बांधली होती म्हणजे अशी की हाक्यापुढे एक लोखंडी पट्टी असे, तीस निशाण म्हणत. निशाण उभारले की यंत्राचा लगाम सुटे आणि गाडी अकरा कोसांपर्यंत जाई. परंतु डोहपेठेच्या अलीकडे भुयारास वाकण होते, तेथे अकरा कोसांची गाडी भिंतीस अंग घासे, सबब थोरल्या महाराजांनी सहाही निशाणे पाडून त्यांवर लाखेची मोहोर केली होती.

मग नवे कारखानीस आले. त्यांनी नकाशा पसरून पाहिले की माळवेस ते डोहपेठ अर्धा कोस अंतर नवी गाडी वीस ओव्यांत तोडते आणि जुनी अठ्ठावीस ओव्यांत, आणि एका मार्गावर दोन चाली असल्याने नवीस जुनीच्या मागे थांबावे लागते. मग त्यांनी हुकूम केला की जे उठावात मागे पडते ते धावेत भरून काढावे, मोहरा फोडाव्यात, आणि जुनी सुटल्यावर विसाव्या ओवीस मागची नवी सोडावी, जुनी पोहोचो वा न पोहोचो. हाक्यांनी वाकणाची गोष्ट काढली. कारखानिसांनी सांगितले की वाकण नकाशात आहे, आपण पाहिले आहे.

सप्तमीस पहिली पाळी सटवोजी ढमाले यांच्या गाडीची आली, जिला लोक म्हातारी म्हणत. शेपटीस विसोबा गुरव मोजणीदार. आणि विसोबांची लेक चंद्रभागा सहा महिन्यांचे मूल घेऊन सासरी डोहपेठेस निघाली होती, ती तिसऱ्या डब्यात बसली. चिमाबाई भाजीवाली मेथीच्या जुड्या घेऊन चढली आणि हाक्यास म्हणाली की सटवोजी, तुमची म्हातारी गुडघ्यांवर हात देऊन उठेस्तोवर माझी मेथी सुकते. सटवोजी म्हणाले की आज म्हातारी पळणार आहे, पदर खोचून बसा. लोक हसले. विसोबा हसले नाहीत, ते लेकीच्या डब्याकडे पाहत होते.

घंटा जाहाली आणि गाडी उठू लागली. ओवी पहिली. ओवी दुसरी. कठडा अजून सरत होता. ओवी पाचवी. मग विसोबांनी मागे पाहिले आणि काळोखात एक दिवा दिसला. भुयार सरळ होते आणि दिवा पुसला जात नव्हता. विसोबांच्या मनात आले की नवी गाडी वेळेआधी सोडली, ती येते आहे, तिचा उठाव मोठा आहे, आणि मध्ये माझी लेक आहे. आणि ओवी पायाखालची वाळू निसटावी तशी भराभर निसटू लागली, सहावी सातवी आठवी, आणि विसोबांस ते कळले नाही, कारण भ्यालेल्या माणसास आपला दम आपल्या जागीच आहे असे वाटते.

पुढे सटवोजींस नळीतून नववा आकडा आला आणि त्यांनी पाहिले की पाव अंतरही सरले नाही. मग त्यांनी जाणले की आपण मागे पडलो, आणखी अकरा ओव्या जाहाल्या की मागची गाडी भुयारात शिरेल, आणि त्यांनी निशाण उभारले. म्हातारीच्या पोटात काही मोकळे जाहाले. आठ कोस. दिवे थरथरू लागले. ओवी बारावी. नऊ कोस. शेपूट दोन्ही बाजूंस हलू लागली आणि ती हलली म्हणून विसोबा आणखी भ्याले, आणि ते भ्याले म्हणून ओव्या आणखी पळाल्या, आणि ओव्या पळाल्या म्हणून सटवोजींनी वेगाची मूठ आणखी फिरविली. ओवी पंधरावी. दहा कोस. चिमाबाईच्या जुड्या जमिनीवर घरंगळल्या, त्या कोणी उचलल्या नाहीत. एका म्हाताऱ्याने शेजारच्या अनोळखी माणसाचा हात धरला आणि त्याने तो धरू दिला. ओवी अठरावी. अकरा कोस.

आता जुन्या हाक्यांची एक सवय होती. रुळांच्या सांध्यांवर चाके ठोके देतात, ते ठोके ते न मोजता मोजत. निशाण पाडलेले असता दर ओवीस सहा ठोके पडत. धाव वाढली तर ठोके वाढले पाहिजेत, नऊ, दहा. आणि सटवोजींच्या कानाने सांगितले की चार. वारा फटीतून येऊन डोळ्यांत पाणी आणीत होता आणि ओवीस ठोके चार. गाडी मंदावली नव्हती. मग ओवीच धावत होती. सटवोजींनी निशाण पाडले, ब्रेकाची मूठ दाबली आणि नळीस तोंड लावले.

ते म्हणाले, “विसोबा, आकडा सोड. लेकीला निजवताना म्हणायचास तशी म्हण.”

नळीतून विसोबांचा आवाज आला, “दादा, मागं दिवा आहे.”

“असू दे. म्हण.”

आणि विसोबा म्हणू लागले. पहिला चरण तुटला, दुसरा लागला, आणि तिसऱ्यास सटवोजींच्या कानात ठोके नऊ जाहाले, मग आठ, मग वाकण आले. तिसरा डबा भिंतीस लागला. ठिणग्या खिडकीवरून गेल्या, हातभर रंग दगडावर राहिला, आणि डबा पुन्हा रुळांवर बसला, आणि गाडी डोहपेठेत उभी राहिली. विसोबांच्या गणतीने ओवी पंचविसावी. ठाण्याच्या मोजणीदाराच्या गणतीने अठरावी. विसोबा तिसऱ्या डब्याकडे धावले. चंद्रभागा उतरली, तिचे ओठ पांढरे होते. मूल निजले होते.

कारखानिसांस वर्दी गेली. सटवोजींनी उभे राहून सांगितले की आम्ही उशिरा नव्हतो, आम्ही भ्यालो होतो, आणि साहेब, भयाने मोजलेली ओवी ही ओवी नव्हे, खालची घड्याळे चालवा. विसोबांनी आपली चूक कबूल केली. कारखानिसांनी सर्व ऐकून घेतले आणि इतकेच विचारले की ठाण्याची गणती अठरा खरी काय. ठाण्याचा मोजणीदार म्हणाला की खरी. मग कारखानीस संतोष पावले आणि हुकूम जाहाला की जुनी गाडी अठरा ओव्यांत पोहोचते हे सिद्ध आहे, सबब उद्यापासून सर्व जुन्या गाड्या अठरा ओव्यांत पोहोचाव्यात, आणि मागची गाडी अठराव्या ओवीस सोडावी. सटवोजींनी त्या दिवशी म्हातारीचे निशाण उपटून ठाण्याच्या विहिरीत टाकले, कारखानिसांनी त्यांस व विसोबांस कामावरून दूर केले, आणि म्हातारी बिननिशाणाची म्हणून बाजूच्या भुयारात उभी केली. अष्टमीस सकाळी पाच जुन्या गाड्या निघाल्या. पाचही मोजणीदारांनी विसोबांची हकीकत ऐकली होती, आणि पाचही जण शेपटीस बसल्याबरोबर मागे वळून पाहू लागले.

एकूण मजकूर असा की, सहा गाड्या, एक राहिली ती बिननिशाणाची म्हणून राहिली. पाच निघाल्या. चार पोहोचल्या. पाचवीविषयीचा बंद दप्तरात सापडत नाही.

सप्तमीस म्हातारीच्या मागची नवी गाडी यंत्र बिघडल्याने माळवेशीतून सुटलीच नव्हती. विसोबांस दिसला तो दिवा ठाण्याचा होता.