तुरेवाला आणि बिनतुऱ्याची

उस्मानचाचांच्या मते जगात माणसं दोनच प्रकारची: तुरेवाले आणि बिनतुऱ्याचे. "गॅरेजचा फोरमन तुरेवाला. मी बिनतुऱ्याचा. आणि परांजपेभाऊ, राग मानू नका, तुम्ही पण."

हे शास्त्र त्यांच्या पिंजऱ्यातून आलेलं. चाचा रत्नागिरीकडचे, इथे आखातात तुबलीतल्या गॅरेजमध्ये डेंटिंगचं काम करतात आणि माझ्या समोरच्या फ्लॅटमध्ये एकटेच राहतात. पिंजऱ्यात दक्षिण अमेरिकेतले दोन लालडोके गाणारे पक्षी. ऐटबाज तुरा असलेला नवाब. तुरा नसलेली ती बेगम, कारण दुकानदाराने जोडी म्हणून विकली होती. चाचांनी काथ्याचं घरटंही बांधून दिलं होतं. "इंशाल्ला, औंदा अंडी," हे त्यांचं पालुपद.

मला पक्ष्यांचा नाद, त्यामुळे माझी पंचाईत. नवाबाची चोच फिकट, गळा लाल, पाठ राखाडी. बेगमेची चोच पिवळी, गळा आणि पाठ काळी. जातीच वेगळ्या. शिवाय बेगम गायची अशी, की ती बेगम नसून नरच असावा. पण हे चाचांना सांगायचं कुणी?

गेल्या शुक्रवारी नमाजाहून परतल्याबरोबर त्यांनी माझं दार ठोकलं. "भाऊ, यल्ला, लवकर."

नवाबाने बेगमेला कोपऱ्यात दाबून धरलं होतं. पिसं उपटलेली, एक डोळा रक्ताने मिटलेला. चाचांनी नवाबावर फडकं टाकलं, मी हात घातला, तरी त्याने माझं बोट फोडलंच. मुठीत बेगमेचं काळीज असं धडधडत होतं की मला बोटं आवळायची भीती वाटली. चाचा ओल्या कापसाने डोळा पुसू लागले. दिवसभर पत्र्यावर हातोडा चालवणारा तो हात आता पिसासारखा हलका फिरत होता. कितीतरी वेळ डोळा उघडेना. मग उघडला.

आता मला राहवेना. "चाचा, ही जोडी नाही. जाती वेगळ्या आहेत. पुन्हा एकत्र ठेवलेत तर तो हिला मारून टाकेल."

"अंडी होनार नाय, ते मना कवाचं ठावं हाय."

मी चिडलोच. "मग वेगळे का नाही केलेत?"

"येकटा कसा ऱ्हातो माणूस, ते मना म्हाईत हाय," ते खाली बघत म्हणाले. "पाखराला कशाला ती सजा?"

बेगमेला मी माझ्याकडे आणलं. चाचांची अट एकच, दिवसा दोन्ही घरांची दारं उघडी ठेवायची, एसी चालू असला तरी. इकडून बेगम शीळ घालते, तिकडून नवाब उत्तर देतो. संध्याकाळी चाचा चहाचा कप घेऊन मधल्या पॅसेजमध्ये खुर्ची टाकतात. हल्ली मीही माझी खुर्ची बाहेर काढतो.