तळ्याच्या मध्यावरची रेंज

तळ्याकाठच्या त्या लाकडी घरात आउलिसला हवं ते सगळं होतं, नेमकं नेट तेवढं नव्हतं. रेंज यायची ती तळ्याच्या मध्यावर. म्हणून मागचा उन्हाळाभर तो सकाळी होडी वल्हवत आत जायचा, दोराला बांधलेला दगड पाण्यात सोडायचा आणि हेलसिंकीच्या ऑफिसचं काम होडीत बसून उरकायचा. माणसांचा त्याला कंटाळा होता असं नाही. ती जरा लांब असली की त्याला जास्त आवडायची, इतकंच.

यंदा मात्र त्याची बॉस मार्केता हिनं अट घातली होती. गुरुवारच्या मीटिंगमध्ये नेट एकदाही तुटलं नाही, तर पानगळीपर्यंत खुशाल तळ्यावर राहा. तुटलं, तर सोमवारपासून ऑफिसात ये. आउलिसच्या जिवाला घोर लागला. गुरुवारी अंगात इस्त्रीचा शर्ट आणि खाली पोहण्याची चड्डी अशा थाटात तो होडीत चढला.

"दगड नीट बांधलायस ना?" धक्क्यावरून त्याच्या बायकोनं, तूलिक्कीनं विचारलं.

"हं," तो म्हणाला. या 'हं'वरून कधीच काही कळायचं नाही, पण पुन्हा विचारायची त्या घरात पद्धत नव्हती.

मीटिंग झकास सुरू झाली. आउलिसनं आपल्या कामाचं सांगून टाकलं. मग मार्केतानं नवा विषय काढला, की उन्हाळ्यात सगळ्यांनीच आठवडाभर बाहेर कुठेतरी जाऊन काम केलं तर? आणि मंडळी विचारात पडली. बोलण्यासारखं काही नसेल तर गप्प बसावं, ही त्या ऑफिसातली साधी सभ्यता होती. आउलिसही गप्प बसला.

पाणी काचेसारखं पडून होतं. एक पांढरा ढग बर्चच्या झाडांवरून निघाला होता आणि त्यालाही कुठे पोचायची घाई नव्हती. होडी हळूच वळत होती, ऊन एका गालावरून दुसऱ्या गालावर येत होतं. स्क्रीनवर मार्केतानं कॉफीचा कप ओठांशी नेला होता. कॉफी गरम असेल, आउलिसला वाटलं. इतकी सुंदर मीटिंग त्यानं नोकरीत पाहिली नव्हती.

होडीत लव्हाळ्याचं एक पातं डोकावलं तेव्हा तो दचकला. तळ्याच्या मध्यावर लव्हाळं कुठलं? दोराची गाठ केव्हाच सुटली होती आणि होडी वाहत वाहत काठाजवळच्या एका बेटाच्या मागे आली होती. मार्केताचा कप अजून ओठांशीच होता.

त्यानं घाईघाईनं वल्ही उचलली, त्यातलं एक हातातून निसटलं आणि वाहून गेलं. शेवटी त्यानं पाण्यात उडी घेतली आणि मागून होडी ढकलत ढकलत तळ्याच्या मध्याकडे निघाला. रेंज आली तेव्हा ऑफिसला दिसलं ते होडीच्या कडेला टेकलेलं, निथळणारं डोकं. त्यावर कुणी काही विचारलं नाही. खाजगी बाब होती.

"मग ठरलं," मार्केता म्हणाली. "आउलिस, तुझी काही हरकत?"

काय ठरलं हे विचारायचं म्हणजे नेट गेलं होतं हे कबूल करायचं. "नाही," आउलिस म्हणाला.

"छान. टॉवेल आम्ही आमचे आणू." मार्केताचा आवाज जरा हळवा झाला. "खरं सांगू? आम्हाला वाटलं, तू नको म्हणशील. तुझ्याकडे येऊ का, मी पुन्हा पुन्हा विचारलं आणि तू आपला आकाशाकडे बघून हसतोयस. इतक्या आनंदानं आम्हाला कधी कुणी घरी बोलावलं नव्हतं. सोमवारी येतो सगळे, आठवडाभर."

आउलिस तसाच पाण्यात उभं पोहत राहिला.

तूलिक्की ऐकून चिडेल, नाही म्हणेल, ही त्याची शेवटची आशा होती. ती सरळ गाद्या उन्हात टाकायला लागली. "दोन उन्हाळे मी पाणकोंबड्यांशी बोलतेय, आउलिस," ती म्हणाली. "येऊ देत की."

दुपारी तो उरलेल्या एका वल्ह्यानं पुन्हा आत गेला आणि त्यानं मार्केताला फोनवर सगळं खरं सांगून टाकलं. आता हे बोलावणं आपोआप रद्द होईल, असा त्याचा हिशेब होता. मार्केता इतका वेळ गप्प राहिली, की त्यानं कानावरचा फोन काढून रेंज पाहिली.

"सांगितलंस ते बरं केलंस," ती म्हणाली. "मग अटीप्रमाणे तू सोमवारी ऑफिसात."

"आणि तुम्ही?"

"आमचं तर ठरलंय ना."

सोमवारी आउलिस जड पायांनी ऑफिसात आला. दार उघडलं तर आत चिटपाखरू नव्हतं. रिकाम्या खुर्च्या, बंद कॉफीयंत्र आणि मोठ्या खिडक्यांतून जमिनीवर सांडलेलं ऊन. त्यानं बूट काढले, पाय खिडकीत ठेवले. बाहेर बंदरावर ढग सावकाश चालले होते. कित्येक वर्षांत त्याला इतकं बरं वाटलं नव्हतं.

दुपारी तूलिक्कीचा होडीतून फोन आला. मागे हसण्याचा गलका होता, कुणीतरी बेसूर गात होतं.

"अरे, तुझ्यावाचून कुणाला करमत नाहीये," ती म्हणाली. "मार्केता म्हणते, अट गेली खड्ड्यात. संध्याकाळच्या गाडीनं निघून ये."

आउलिसनं फोनकडे पाहिलं. रेंजच्या सगळ्या काड्या ठळक उभ्या होत्या.

"तूलिक्की," तो हळूच म्हणाला, "तुझा आवाज तुटतोय गं. इथे रेंजच नाहीये."