डाळीला तीन ग्रेस

"डाळ नापास? माझी डाळ?" काकूंनी पळी पातेल्याच्या काठावर आपटली.

"तुझी म्हणून नाही गं. एकूणच डाळ. शंभरपैकी बत्तीस. पासिंग पस्तीसला असतं, ते काही मी ठरवलेलं नाही."

मास्तरांनी चष्मा कपाळावर चढवला आणि कागद टेबलावर ठेवला. छत्तीस वर्षं गणित शिकवून निवृत्त झालेला माणूस. छापलेला आकडा त्यांना घरातल्या माणसापेक्षा खरा वाटे. हा कागद सकाळीच दवाखान्यातून आला होता. रक्तातली साखर वाढली होती. डॉक्टरांनी बजावलं होतं, "तीन महिन्यांनी पुन्हा तपासू. आकडा खाली आला नाही, तर रोज पोटात इंजेक्शन." मास्तर आयुष्यात कशाला भ्याले असतील तर सुईला. शाळेत लस टोचायला नर्स आली की मुलांना रांगेत उभं करून ते खडू आणायला जात, आणि शेवटच्या मुलाला टोचून होईपर्यंत त्यांना खडू सापडत नसे. काकूंना ते सगळं आठवत होतं.

दवाखान्यात पथ्यपाणी सांगणाऱ्या बाईला सगळे आहारताई म्हणत. ती नेमकी त्या दिवशी रजेवर होती. खिडकीतल्या कारकुनाने कागद पुढे सरकवला आणि म्हटलं, "आकडा बघून खात जा, मास्तर." बस्स, एवढंच. कागदाच्या डोक्यावर लिहिलं होतं, 'शंभरच्या मापावर', आणि खाली एका रकान्यात पदार्थ, दुसऱ्यात आकडे. आता शंभरच्या मापावर म्हणजे शंभरपैकी, हे मास्तरांना कोणी शिकवायची गरज नव्हती.

"उकडलेला बटाटा अठ्ठ्याहत्तर," ते निकाल वाचू लागले. "वा! कलिंगड शहात्तर. पांढरा ब्रेड पंचाहत्तर. भाताचं डिस्टिंक्शन थोडक्यात हुकलं, त्र्याहत्तर. सफरचंद छत्तीस, काठावर पास. हरभरा अठ्ठावीस. आणि सोयाबीन सोळा! ह्याला शाळेत घातलं कोणी?"

"आणि पहिला नंबर कोणाचा?"

"ग्लुकोजचा. पैकीच्या पैकी."

"अहो, ग्लुकोज म्हणजे साखरच ना? ज्याची साखर वाढलीय त्याला—"

"जो विषय कच्चा, त्याचीच शिकवणी लावावी लागते," मास्तर म्हणाले. काकूंनी पातेल्यावर झाकण ठेवलं. झाकण ठेवलं म्हणजे पटलं असं नव्हे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मास्तरांनी दोन बटाटे आणि ब्रेडचे चार तुकडे खाल्ले. दहा वाजता पोटात कावळे ओरडू लागले. मग कलिंगड. अकराला ते वर्तमानपत्रावर मान टाकून घोरत होते. दुपारी भात-बटाटा, तीन वाजता पुन्हा भूक, पाचला ब्रेड.

"एवढे हुशार पदार्थ पोटात गेले आणि दर दोन तासांनी भूक कशी हो लागते?" काकूंनी विचारलं.

"हुशार मुलांचा पेपर लवकर लिहून होतो."

महिन्याभरात पँटचं बटण काजापासून चार बोटं लांब राहू लागलं. मास्तरांनी दोष धोब्याला दिला. डाळ मात्र घरात शिजेना, आणि काकूंना रात्री झोप लागेना. लग्न झालं तेव्हा एक खोली होती. उन्हाळ्यात पेपरांचे गठ्ठे पलंगाखाली, पलंगावर, मोरीच्या कट्ट्यावर. मास्तर एका हातात लाल पेन्सिल आणि दुसऱ्या हातात चमचा घेऊन बसत, आणि डाळीची वाटी संपली की मान वर न करता वाटी पुढे करत. चाळीस वर्षं ती वाटी पुढे येत होती. आणि आता कोणत्या तरी दवाखान्याचं चिटोरं सांगतं, नापास!

दुसऱ्या महिन्यात काकूंनी जाहीर केलं, "माझ्या डाळीला नापास करणाऱ्याने स्वतःचे बटाटे स्वतः उकडावेत." मास्तरांनी दोन दिवस उकडले. एकदा पातेलं करपलं, एकदा बोट भाजलं. तिसऱ्या दिवशी त्यांनी लाल पेन्सिल काढली आणि कागदावर डाळीपुढे 'अधिक ३' असं लिहिलं.

"प्रदीर्घ सेवा लक्षात घेऊन तीन ग्रेस दिले आहेत. आठवड्यातून एकदा चालेल."

"उपकार झाले!" काकू कडाडल्या.

तीन महिने संपले. तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा आठ पूर्णांक एकवरून आठ पूर्णांक नऊवर गेला होता. डॉक्टरांनी रिपोर्ट पाहिला, मास्तरांच्या पोटाकडे पाहिलं आणि चिठ्ठीवर इंजेक्शन लिहायला घेतलं. "त्याआधी आहारताईंना भेटून या," ते म्हणाले.

मास्तरांचा पारा चढला. खिशात त्यांनी लिहून आणलेला अर्जच होता. सोबत आलेल्या काकू खुर्चीच्या कडेला बसल्या, आणि अर्ज आहारताईच्या टेबलावर ठेवून मास्तर उभ्यानेच बोलू लागले. "मॅडम, तुमचा निकाल सपशेल चुकीचा आहे. फेरतपासणी व्हायला हवी. मी पंचाहत्तरच्या खाली सहसा उतरलो नाही. नापासांना दारात उभं केलं नाही. आणि शिक्षा मला?"

आहारताईने अर्ज वाचला. मग कागद पाहिला. मग 'अधिक ३' पाहिलं, आणि पदर तोंडाला लावला.

"सर, हे गुण नाहीत. अवगुण आहेत."

"म्हणजे?"

"म्हणजे मधली सुट्टी झाल्यावर पोरं कशी एका दारातून धावत सुटतात? बटाटा, ब्रेड, कलिंगड यांची साखर तशी रक्तात घुसते. मग तिला आवरायला शरीर धावाधाव करतं, साखर एकदम खाली येते, आणि भूक पुन्हा दारात उभी. डाळीची साखर रांगेने, एकेक करून येते. पोट भरलेलं राहतं. किती जोरात धावतात, त्याचे हे आकडे. जितका कमी, तितका चांगला."

काकू म्हणाल्या, "मी पहिल्याच दिवशी विचारलं होतं, ग्लुकोज पहिलं कसं!" आणि खुर्चीत नीट टेकून बसल्या. तीन महिन्यांत पहिल्यांदाच.

मास्तर मात्र खचले. "म्हणजे आता... सुई?"

आहारताईने पेन खाली ठेवलं. "सर, मला ओळखलं नाहीत. आठवी, मागचा बाक. सहामाहीला तुम्ही मला बत्तीस दिले होते. पेपरवर पिवळा, हळदीचा डाग होता, नेमका पाचव्या गणितावर. उत्तर डागाखाली होतं. मी ग्रेस मागायला आले, तर तुम्ही म्हणालात, आकडा म्हणजे आकडा."

मास्तर जमिनीकडे पाहू लागले. काकूंनी डागाचा रंग ऐकून पदर सारखा केला.

"डाळीला तीन दिलेत," आहारताई म्हणाली, "मला एकही नाही."

"चुकलंच माझं, पोरी."

"मी डॉक्टरांशी बोलते. सुईआधी तीन महिने मागते. तीन ग्रेस." तिने कागद परत दिला. "पण ह्या वेळी खालून वर वाचायचं."

डॉक्टरांनी कुरकुरत तीन महिने दिले. घरी येताच मास्तरांनी वाटी पुढे केली, मान वर करून. डाळ प्यायले, मिशा पुसल्या आणि मनापासून म्हणाले, "वा! अगदी बत्तीस."

काकूंची पळी पातेल्याच्या काठावर आपटली.

"बत्तीसच? त्या सोयाबीनला सोळा, आणि माझ्या डाळीला बत्तीस?"