फोनवर "हो" कोण म्हणालं?

"हे बघा बाई, महिनाअखेरीपर्यंत खरं काय ते कळलं नाही, तर आपलं सामान आवरा," असं म्हणून मालक केबिनचं दार आपटून आत गेले. दार पत्र्याचं होतं, त्यामुळे आवाज फारच झाला.

दुकान लोखंडी कपाटांचं. हल्ली गिऱ्हाइकं एकेक अजब गोष्ट सांगत यायची. एक म्हणे, कपाट चौथ्या मजल्यावर फुकट चढवून देणार होतात. दुसरा म्हणे, आरसा वरून मिळणार होता. कोण म्हणालं विचारलं, की सगळ्यांचं उत्तर एकच, "फोनवर तुमच्याच माणसानं सांगितलं की!" आणि फोन उचलायच्या बाई. त्यांनी शपथेवर सांगितलं, मी असलं काही कबूल केलेलं नाही. पण शपथेला विचारतो कोण? घरी दोन मुलं शिकणारी, या वयात दुसरीकडे कोण ठेवून घेणार?

शेवटी फोनवरचं बोलणं रेकॉर्ड करायचं ठरलं. विक्रेता तीन मशिनं घेऊन आला. मालकांनी पहिल्या दोन्हींचे भाव ऐकले आणि तिसऱ्याकडे बोट दाखवलं.

"साहेब, ते मी नुसतं दाखवायला आणतो. त्याच्यामुळे बाकीची दोन चांगली वाटतात."

"आवाज येतो ना?"

"येतो. पण कधी कधी एकाच बाजूचा येतो. कुठल्या, ते त्याच्या मर्जीवर."

"चालेल. आपल्याला काय गाणी ऐकायचीत?"

आठवड्यानं शटर अर्धं ओढून मालक, बाई आणि हिशेबनीस ऐकायला बसले. दुकानात अंधारून आलं होतं. कपाटांच्या रांगांतल्या आरशांत तिघांचे अर्धे अर्धे चेहरे दिसत होते. मशीनमधून बाई म्हणाल्या, "थांबा हं." मग खट्. मग नुसती खरखर. गिऱ्हाईक बोलत असणार, पण ते मशीननं गिळलं होतं. आणि त्या खरखरीतून, विहिरीच्या तळातून यावा तसा, कुणीतरी घसा खाकरला.

"हो, हो. खुशाल. काळजी नको. चढवून देऊ."

मालक खुर्चीतून अर्धे उठले आणि तसेच राहिले. "बाबा!" ते कसेबसे म्हणाले.

बाबांना जाऊन बरीच वर्षं झाली होती. गेलेला माणूस दर वर्षी थोडा थोडा चांगला होत जातो. मालकांचे बाबा तर एव्हाना देवमाणसापर्यंत पोचले होते.

"तेच खाकरणं! तोच आवाज! बाई, हा फोन तुम्ही कुणाला जोडून दिलात?"

हिशेबनीसांनी तोंड उघडलं. बाईंनी टेबलाखालून त्यांच्या पायावर पाय दिला. "आत दिला, मालक. केबिनमध्ये."

"केबिनमध्ये तर मी एकटाच पेपर वाचत बसतो!" मालकांच्या तोंडचं पाणी पळालं. "म्हणजे माझ्या शेजारी बसून बोलत होते, आणि मला पत्ता नाही!"

एवढ्यात मागच्या रांगेतलं एक कपाट कुरकुरत उघडलं. बिजागरी सैल होती, ते रोजच उघडायचं. पण आज तिघांच्याही अंगावर काटा आला.

"मालक, मग माझं काय?" बाईंनी हळूच विचारलं.

"थांबा हो! इथे बाबा आलेत आणि तुम्हाला तुमचं पडलंय!"

झालं. बाबांचा शब्द म्हणून कपाटं फुकट चढायला लागली, आरसे खिरापतीसारखे वाटले गेले. केबिनमध्ये एक रिकामी खुर्ची आली आणि तिच्यासमोर चहाचा कप. चहा थोडा कमी झालाय की काय, हे मालक पुन्हा पुन्हा वाकून बघायचे. हिशेबनीसांनी डोक्याला हात लावला.

मग एक दिवस मालकांनी धीर केला. दार लावलं, रिसीव्हर उचलला आणि कापऱ्या आवाजात म्हणाले, "बाबा, आहात का? बोला ना माझ्याशी." थोडं थांबून त्यांनी मशीन लावलं. खरखर झाली, आणि बाबांचाच कापरा आवाज आला, "बाबा, आहात का? बोला ना माझ्याशी."

मालक बाहेर आले ते पांढरेफटक पडून. "बाई, बाबा तिकडे आजोबांना शोधतायत हो! त्यांना अजून कोणीच भेटलेलं नाही!"

"आणि तुमचा आवाज?"

"तो मशीननं गिळला. एकाच बाजूचं धरतं ना!" आणि टेबलावर डोकं टेकून मालक लहान मुलासारखे रडायला लागले.

बाईंचा राग कुठच्या कुठे गेला. खरं काय ते ओठांवर आलं होतं. पण नोकरी टांगणीला लागलेल्या माणसानं मालकाला असलं काही सांगायचं नसतं. त्या म्हणाल्या, "मालक, मशीन घरी न्या. आईंना ऐकवा. त्यांना ओळख पटेल."

आई भाजी निवडत होत्या. "आई, घाबरू नकोस, पण बाबा बोलतायत," मुलगा म्हणाला, तशी त्यांनी भाजी बाजूला सारली, हात पुसले आणि केसांवरून हात फिरवला.

"हो, हो. खुशाल. काळजी नको. चढवून देऊ."

आईंनी मुलाच्या कपाळाला हात लावून बघितला. "अरे वेड्या, हा तू आहेस."

"मी? माझा आवाज असा आहे?"

"हुबेहूब त्यांचा आलाय तुझ्याकडे. पेपर वाचताना तू सगळ्यांनाच असं हो हो करतोस. मावशीला महिनाभर बोलावू का विचारलं, तेव्हाही असंच म्हणालास. उद्या येतेय ती."

"पण बाबा..."

"तुझे बाबा जन्मात कधी कुणाला हो म्हणाले होते का रे?"

मालकांचे बाबा दुसऱ्यांदा गेले होते, आणि आता बाईंचा चेहरा डोळ्यांसमोरून हलेना. लाजेनं कानशिलं तापली. त्यांनी तिथूनच फोन लावला. "बाई, तुमची नोकरी कुठेही जात नाही. चूक माझी होती."

मग बाई म्हणाल्या, "मालक, हे रेकॉर्ड होतंय ना?"

मालक मशीनची वायर गुंडाळायला लागले.

"राहू दे ते," आई म्हणाल्या.

"आता कशाला? बाबा नाहीत त्यात."

"मला कळतं ते. तू जरा बाहेर जाऊन बस."

मालक दाराआड उभे राहिले. आत आई अगदी हळू, जपून विचारत होत्या, "अहो, चार दिवस माहेरी जाऊन येऊ का?"

खट्. खरखर. कुणीतरी घसा खाकरला.

"हो, हो. खुशाल. काळजी नको."

पुढचं येण्याआधी आईंनी मशीन बंद केलं. मग त्यांनी दुसरा प्रश्न विचारला.