दामूभाऊंची खताई आणि एक पडदा

दिनांक १५ ऑगस्ट १९४७. देश स्वतंत्र झाला. सौंसरच्या बाजारातील आपल्या भोजनालयात बन्सीशेठ यांनी पुरुषांना बाकांवर बसवून पेढे दिले आणि स्त्रियांना पायरीखाली उभे करून दिले. जबाबदार: बन्सीशेठ.

दिनांक २६ जानेवारी १९५०. संविधान अमलात आले. धर्म, जात किंवा लिंग यांच्या कारणावरून उपाहारगृहाचे दार कोणासही बंद करता येणार नाही, असे त्याच्या पंधराव्या कलमाने ठरले. कलम सर्वांनी वाचले आणि घडी घालून ठेवले. जबाबदार: या तालुक्यातील समस्त साक्षर पुरुषवर्ग.

दिनांक १ नोव्हेंबर १९५६. राज्यांची पुनर्रचना झाली. नागपूर मुंबई राज्यात गेले, आम्ही मध्यप्रदेशात राहिलो. जबाबदार: ज्यांनी नकाशावर रेघ ओढली आणि ओढताना नागपुरातल्या माणसाला शनिवारी सौंसरला घरी यायचे असते हे ध्यानात घेतले नाही, ते सर्व.

गेला बाजाराचा दिवस. बन्सीशेठच्या भोजनालयातील कोपऱ्याच्या टेबलापुढचा पडदा काढला गेला आणि टेबलावर तेलाचे डबे रचले गेले. जबाबदार: पुन्हा बन्सीशेठ.

या चार गोष्टींचा परस्परांशी संबंध काय, असे वाचक विचारतील. संबंध दामूभाऊ खोडे यांच्या तोंडाशी आहे.

दामूभाऊ माझे शेजारी. पूर्वी ते नागपूरला सरकारी कचेरीत कारकून होते. शनिवारी छोट्या लाइनच्या गाडीने सौंसरला येत आणि सोमवारी पहाटे परत जात. शाकाहाराच्या बाबतीत अत्यंत कडक, आणि तरीही बाहेर खाण्याची हौस दांडगी. असा मनुष्य भोजनालयवाल्यांना केवढा जाच असतो, हे नागपूरच्या आचाऱ्यांना विचारावे. आत शिरल्यावर दामूभाऊ बसत नसत. चपला काढून थेट भटारखान्याच्या दारात उभे राहत आणि विचारत, "का जी महाराज, यात काय काय पडून राहिलं?" तूप कोणते, मैदा किती वेळा चाळला, पाव कशाने फुगवला, केकच्या भांड्याला पूर्वी कधी अंडे लागले होते काय, अशी उलटतपासणी चाले. उत्तरे पटली तर एकच जिन्नस मागवीत. तो डोळे मिटून सावकाश खात. आणि मग तोंड मिटत, ते घरी पोहोचेपर्यंत उघडत नसत.

पान नाही, पाणी नाही, कोणाच्या रामरामाला उत्तर नाही. नागपूर ते सौंसर हा सारा प्रवास हा गृहस्थ ओठ घट्ट आवळून करी. तिकीट तपासनीस आला की मुकाट्याने तिकीट पुढे करी. एकदा जामसांवळीच्या मारुतीला निघालेल्या बायांनी डब्यात त्यांना पाहिले आणि कोणी मौनीबाबा समजून त्यांच्या पुढ्यात नारळ ठेवला. एकीने सुनेला पाया पडायला लावले. दामूभाऊंनी हातांनी पुष्कळ नकार दिला. बायांना तो आशीर्वाद वाटला. गावात काही लोक त्यांना गर्विष्ठ म्हणत. "नागपूरची नोकरी डोक्यात गेली त्यायच्या," असे मी स्वतःच्या कानांनी ऐकले आहे.

वस्तुस्थिती निराळी होती. घरी त्यांची थोरली बहीण होती, गोदाक्का. बालपणीच विधवा होऊन माहेरी आलेली. आई गेल्यावर दामूभाऊंना हिनेच वाढवले. आपल्या चुलीवर न शिजलेला घास तिने जन्मात तोंडात घातला नव्हता, त्यामुळे भोजनालयातील पदार्थ पुडीत बांधून आणण्याची सोय नव्हती. तेव्हा दामूभाऊंनी यावर तोड काढली. पदार्थ तिथेच ठेवायचा आणि चव तेवढी तोंडात धरून घरी आणायची. बोललो तर ती सांडेल, अशी त्यांची पक्की समजूत होती.

घरात पाऊल टाकताच ते अक्कासमोर पाटावर बसत आणि तोंड उघडत. "जायफळ आहे. वेलदोडा मागून येऊन राहिला. तूप आधी फेटून घेतलं." अक्का डबे काढून देई. मग दामूभाऊ स्वतः कामाला लागत. कढईत वाळू, वाळूवर ताटली, वर झाकण आणि झाकणावर निखारे. अशा रीतीने त्या घरात बिनअंड्याचा केक झाला, टोस्ट झाले आणि मुख्य म्हणजे खताई, म्हणजे नानकटाई, झाली.

त्या खताईविषयी शेजारधर्म सांभाळून काय लिहावे? ती मी चहात बुडवून ठेवीत असे. चहा निवून जाई, खताई होती तशीच राही. दामूभाऊ मात्र अक्काला छातीठोकपणे सांगत, "हुबेहूब. नागपूरला अशीच भेटते."

अक्का घास दाढेखाली एकीकडून दुसरीकडे नेत म्हणे, "नागपूरवाल्यायचे दात मजबूत असतील मग, बाप्पा."

पुढे पुनर्रचनेत कचेरीतील माणसांची वाटणी झाली आणि दामूभाऊंच्या वाट्याला भोपाळ आले. "भोपाळहून तोंड मिटून येणं होत नाही, वकीलसाहेब," एवढेच त्यांनी मला सांगितले, नोकरी सोडली आणि सौंसरला कापसाच्या जिनात कारकुनी धरली. नागपूरची भोजनालये रेघेपलीकडे राहिली. अलीकडे उरले एकटे बन्सीशेठ. त्यांच्या भट्टीवर निघणारी खताई खरोखर चांगली आहे. माझा त्यांच्याशी वाद खताईबद्दल नाही. दामूभाऊ त्यांच्या भटारखान्याच्या दारात उभे राहू लागले. बन्सीशेठ गल्ल्यावरून ओरडत, "खाना है तो खाओ, दामूभाऊ. पंचनामा मत करो."

अशात एके दिवशी अक्का मला म्हणाली, "वकीलसाहेब, मले एकदा तिथं बसून खायचं आहे."

मी म्हणालो, "आणि तुमचं सोवळं?"

"कोणासाठी पाळू आता? ज्यायच्यासाठी पाळलं ते सारे गेले. दामू नको म्हणत नाही. पण तिथं बाया जात नाहीत, म्हणते तो."

मी त्याच दिवशी बन्सीशेठ यांना पंधराव्या कलमाचा हवाला देऊन पत्र लिहिले. उत्तर नाही. दुसरे लिहिले. तेही वाया गेले. तिसरे मी त्यांच्या गल्ल्यासमोर उभे राहून, गिऱ्हाइकांनी भरल्या भोजनालयात, मोठ्याने वाचले. तेव्हा कोपऱ्यातील टेबलापुढे पडदा लावून स्त्रियांची सोय करण्याचे त्यांनी मान्य केले. कलमात पडद्याचा उल्लेख नाही. पडदा ही मी केलेली तडजोड होती. हक्क सोडलेला नव्हता.

पडदा शिवून येण्याच्या आधी दामूभाऊ माझ्या ओसरीवर येऊन बसले. चेहरा उतरलेला.

"वकीलसाहेब, कोर्टात तारखा पडतात. या पडद्यालाही एखादी तारीख पडू द्या ना."

"काऊन?"

"अक्कानं बन्सीची खताई खाल्ली तर तिले समजून जाईल."

"काय समजेल?"

ते चपलेच्या अंगठ्याशी चाळा करीत राहिले. "इतकी वर्षं मी तिले काय खाऊ घातलं ते. हुबेहूब म्हणून सांगून राहिलो होतो ना मी."

भीती हे स्थगितीचे कारण होऊ शकत नाही, असे मी त्यांना सांगितले. कायद्याने माझे म्हणणे बरोबर होते. ते उठून गेले.

ठरल्या दिवशी अक्का आली. धुवट लुगडे, डोक्यावरून पदर, हातात स्वतःच्या पाण्याचा तांब्या. ती कोणाकडे न पाहता पडद्याआड गेली, मागोमाग दामूभाऊ. मी लगतच्या टेबलावर बसलो. बन्सीशेठ यांनी खताईची बशी स्वतः आत नेऊन ठेवली, हे त्यांच्या बाजूने नमूद करतो.

त्या दिवशी दामूभाऊंनी भटारखान्यात जाऊन काही विचारले नाही. पडद्याआडून आवाज येईना. खताई मोडल्याचाही नाही, कारण ती खताई मोडताना आवाज करीतच नाही, ती विरघळते. मी हातातला कप खाली ठेवला.

"दामू."

"हो, अक्का."

"हुबेहूब तुझ्यासारखी आहे रे."

पडद्याआड बशी सरकली.

"तुझी थोडी जास्त खरपूस असते. तेवढाच फरक."

बन्सीशेठ यांनी दामूभाऊंची खताई पूर्वी एकदा चाखली होती. त्यांनी हरकत घेण्यासाठी तोंड उघडले. मी त्यांच्याकडे पाहिले, आणि ते पुन्हा गल्ल्यात डोके घालून बसले.

परतताना मी त्या दोघांच्या मागे चालत होतो. त्या रस्त्याने कधी चकार शब्द न काढणारे दामूभाऊ घरापर्यंत अखंड बोलत होते. कापसाचे, संत्र्याच्या बहाराचे, जिनातल्या मालकाच्या तऱ्हेवाईकपणाचे, काहीही. ओट्यावरून एका ओळखीच्या बाईने विचारले, "काऊन अक्का, आज इकडं कुठं?" अक्काने नुसते हात जोडले. पुढे आणखी कोणी हटकले. तिने मान हलवली. दामूभाऊंनीही दोनदा काही विचारले, त्यांनाही उत्तर मिळाले नाही. तिचे ओठ घट्ट मिटलेले होते. तशीच ती उंबरा ओलांडून सरळ स्वयंपाकघरात गेली, वाळूच्या कढईपाशी पाटावर बसली आणि दामूभाऊंना समोर बसण्याची खूण केली.

पुढे काय बोलणे झाले, मला ठाऊक नाही. मी दारातून परतलो. त्यानंतर आमच्याकडे आलेली खताई चहात बुडवल्याबरोबर मऊ पडली, एवढे मी शपथेवर सांगू शकतो.

परवा अक्का मला म्हणाली, "जायफळाचं अजून नीट ध्यानात नाही आलं. आणखी एकदा जावं लागते." आणि बन्सीशेठ यांनी पडदा काढला. कारण विचारले तेव्हा म्हणाले, "कोई औरत आती ही नहीं. कोणीच येत नाही, वकीलसाहेब."

येत्या बाजाराच्या दिवशी गोदाक्का आपला तांब्या घेऊन त्या दारात उभी राहणार आहे. कोपऱ्यातील तेलाचे डबे त्यापूर्वी हलवावेत. पडदा लावला नाही तरी आता चालेल. परतताना ती कोणाशी बोलली नाही तर तो राग समजू नये. परंतु बन्सीशेठ यांनी त्याआधी एक उत्तर द्यावे. लेखी नको, त्यांची लेखी उत्तरे मला ठाऊक आहेत. गल्ल्यावरून उठून, भोजनालयाच्या पायरीवर येऊन, भरबाजारात सर्वांना ऐकू जाईल असे सांगावे: गोदाक्का कोणी आहे की नाही?